तोंड घड्याळाकडे

मी लिफ्ट चालवायचे. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, लिफ्टमध्ये चालवायचं काय असतं? असतं. जुन्या लिफ्टला लोखंडी जाळीचं दार असतं, ते दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आणि लिफ्ट मजल्याच्या बरोब्बर पातळीत थांबवावी लागते. नाहीतर मोठमोठे साहेब ठेच लागून फायलींसकट तोंडावर आपटतात. माझ्या लिफ्टमध्ये कधी कोणी आपटलं नाही. एकदोघे आपटायला हवे होते, पण मी कामाशी बेइमानी केली नाही.

माझ्या वडिलांच्या लेखी मात्र हे काम नव्हतंच. बाबा शिंपी. पूर्वी स्वतःचं दुकान होतं, हाताखाली कारागीर होते; आता घरीच शिवतात. डोळे अधू झाले, पाठ वाकली, तरी मशीन सुटत नाही. कोणी विचारलं, "मुलगी काय करते?" की म्हणायचे, "ऑफिसात असते." बस्स. एखादं कपाट ऑफिसात असतं तशी मी असायचे. माझ्या कामाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही आणि खरं सांगायचं तर वाईटही म्हटलं नाही. वाईट म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आयुष्यात मला एवढंच हवं होतं की या माणसाने एकदा तरी माझ्या हातच्या कामाकडे काम म्हणून बघावं. बाकी नवरा, संसार, सगळं झालं होतं. हे तेवढं राहून गेलं होतं.

मग इमारतीत नवी लिफ्ट आली. तिचं दार आपोआप उघडतं, ती आपोआप थांबते आणि आतून एक बाई मंजुळ आवाजात मजला सांगते. ती बाई पगार मागत नाही, रजा मागत नाही, साहेबांना उलट बोलत नाही. माझी रवानगी घरी झाली. मी चार दिवस भांडी आपटून घेतली, तेव्हा नवऱ्याने जीव मुठीत धरून पेपरातली एक जाहिरात माझ्यासमोर सरकवली.

"सूर्य तुमची वाट पाहतोय," असं वर मोठ्या अक्षरांत होतं. खाली लिहिलं होतं, सौर ऊर्जा हे उद्याचं क्षेत्र, लाखो नोकऱ्या, शिक्षणाची अट नाही, वयाची अट नाही, प्रशिक्षणानंतर शंभर टक्के नोकरी. चित्रात एक बाई डोक्यावर हेल्मेट घालून छतावर उभी होती, हातात पाना. मी त्या बाईकडे बघत राहिले. छतावर चढायचं, हाताने पॅनलच्या फळ्या बसवायच्या आणि संध्याकाळी घरात उजेड पडतो. हे काम सगळ्या गल्लीला दिसतं. याला बाबा "ऑफिसात असते" म्हणूच शकणार नाहीत.

सूर्य वाट पाहत असेलच तर तो दुसरीकडे कुठेतरी पाहत असावा, कारण संस्था तळघरात होती. पूर्वी तिथे गाद्यांचं गोदाम होतं. खिडकी नावाला नाही. दिवसभर ट्यूबलाइट जळायच्या, आणि वीज गेली की कोपऱ्यातला डिझेलचा जनरेटर धडधडायला लागायचा. मग आम्ही नाकाला रुमाल लावून स्वच्छ ऊर्जेवरचं व्याख्यान पुढे ऐकायचो. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही पहिले दोन दिवसच वाटलं, मग सवय झाली.

संस्थेच्या संचालकांना सगळे पाठीमागे भविष्यसर म्हणायचे. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट, बोलणं त्याहून गुळगुळीत. त्यांचं प्रत्येक वाक्य "येत्या काळात" असं सुरू व्हायचं. पडद्यावर ते आलेख दाखवायचे. नोकऱ्यांचा बाण वर, पॅनलच्या किमतींचा बाण खाली, मागणीचा बाण इतका वर की तो पडदा सोडून छताला टेकायचा. "येत्या काळात प्रत्येक छत हे वीजघर असेल," ते म्हणायचे. "आणि प्रत्येक वीजघराला कोण लागेल?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "आम्ही." अंगावर शहारे यायचे, खोटं कशाला बोलू.

प्रत्यक्ष काम शिकवायला मास्तर होते. मास्तर पूर्वी पोहायला शिकवायचे. तलाव बंद पडला तसे इकडे आले, आधीच्या तुकडीत शिकले आणि लगेच शिकवायलाही लागले. त्यांना एका फुलं विकणाऱ्या बाईंनी शिकवलं होतं, आणि त्या बाईंना कोणी, ते कोणालाच आठवत नव्हतं. पण माणूस तळमळीचा. बोल्ट आवळताना ओरडायचे, "श्वास सोडा, खांदे सैल." मला त्याचा फार उपयोग झाला.

सरावाला एक छत केलं होतं. पत्र्याचं, उतरतं, आणि जमिनीपासून गुडघ्याएवढं उंच. त्यावर चढण्याआधी हेल्मेट, कमरेला पट्टा, पट्ट्याचा दोर भिंतीतल्या कडीला. बाजूला गोदामातली उरलेली गादी टाकलेली. एक बुटका विद्यार्थी तेवढ्या छतावरूनही पडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण तो नियमाप्रमाणे पडला होता.

आता महत्त्वाची गोष्ट, म्हणजे दिशा. पुस्तकात लिहिलं होतं की आपल्याकडे पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं, कारण ऊन तिकडून येतं. तळघरात ऊन कुठून येणार? पण दक्षिणेच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ टांगलेलं होतं. सुरुवातीला कोणीतरी म्हणालं असणार की दक्षिण म्हणजे ती घड्याळाची भिंत. मग पुढच्याने म्हटलं, दक्षिण म्हणजे घड्याळ. आमच्यापर्यंत येईतो दक्षिण गळून पडली होती. मास्तर म्हणायचे, "पॅनलचं तोंड?" आम्ही म्हणायचो, "घड्याळाकडे." परीक्षेतही तोच प्रश्न आला. मला पैकीच्या पैकी मिळाले.

प्रशिक्षण संपलं त्या दिवशी मी भविष्यसरांना विचारलं, "सर, छतावर कधी जायचं?"

"छतावर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विहिरीत जायचं विचारलं. "ताई, येत्या काळात बाजाराला लाखो फिटर लागणार. लाखो फिटर घडवायला आधी हजारो प्रशिक्षक नकोत का? तुम्ही प्रशिक्षक झालात. अभिनंदन."

"आणि फिटर कोण होणार?"

"तो पुढचा टप्पा."

आमची अख्खी तुकडी अशी चिकटली. शंभर टक्के नोकरी, एक माणूस सुटला नाही. कोणी शाखा दोनमध्ये, कोणी शाखा तीनमध्ये, सगळे शिकवायला. आम्ही ज्यांना शिकवलं ते पुढच्यांना शिकवायला लागले. मग प्रशिक्षकांना शिकवण्याचा वेगळा अभ्यासक्रम निघाला, त्याला बॅज जरा मोठा. मला कोट मिळाला, हातात दाखवायची काठी मिळाली, आणि मी रोज सकाळी तळघरात उतरून ओरडायला लागले, "पॅनलचं तोंड?" पगार वेळेवर व्हायचा. तक्रार करायला जागाच नव्हती, म्हणून मी घरी नवऱ्यावर डाफरायचे.

बाबांना सांगितलं, बढती झाली, आता शिकवते. ते सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "म्हणजे ऑफिसातच असतेस."

त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. दुसऱ्या दिवशी मी भविष्यसरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, मला एक छत हवंय. खरं. माझ्या वडिलांचं. त्यांच्या भागात रोज संध्याकाळी वीज जाते, म्हातारा माणूस मेणबत्तीत काज करत बसतो, मला तिथे दिवा लावायचाय. सर आधी हो-ना करत होते. मग त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "संस्थेचं पहिलं छत," ते पुटपुटले. "कार्यक्रम करू."

कार्यक्रम झकास झाला. कापडी फलक लागला, खुर्च्या मांडल्या, कोट घातलेले आम्ही सगळे प्रशिक्षक बाबांच्या गच्चीवर चढलो. इतक्या उंच छतावर आमच्यातलं कोणीच कधी गेलं नव्हतं. मास्तरांनी खाली बघितलं आणि सवयीने नाक धरलं. चौकट उभी केली, आणि घोडं अडलं. मास्तर चारी बाजूंना बघायला लागले.

"घड्याळ कुठाय?" त्यांनी विचारलं.

कोणालाही हा प्रश्न विचित्र वाटला नाही. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. समोर रस्त्यापलीकडे बँक होती आणि बँकेच्या भिंतीवर चांगलं हत्तीएवढं घड्याळ. माझा जीव भांड्यात पडला. "हे काय," मी म्हटलं, आणि माझ्या या हातांनी, एक एक बोल्ट आवळून, श्वास सोडून, खांदे सैल ठेवून, चारही फळ्या बँकेकडे तोंड करून बसवल्या. इतकं सुंदर काम मी जन्मात केलं नव्हतं.

खाली बटण दाबलं आणि बाबांच्या मशीनवरचा दिवा लागला. टाळ्या. लागणारच होता, कारण फजिती नको म्हणून बॅटरी आम्ही संस्थेतूनच, जनरेटरवर भरून आणली होती. बाबा दिव्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्च्या कोण उचलणार म्हणून विचारलं.

त्यानंतर मी दर आठवड्याला संध्याकाळी जायचे. गल्ली अंधारात बुडालेली, आणि एकट्या बाबांच्या खोलीत लख्ख उजेड. समोरची औषधाच्या दुकानातली बाई मला थांबवून म्हणाली, "तुमचे बाबा सगळ्यांना सांगतात हो, पोरीने दिवा लावलाय म्हणून. गिऱ्हाइकाला आधी दिवा दाखवतात, मग माप घेतात." मला सांगतात का? मला फक्त "चहा टाक" म्हणायचे. पण मी हवेत होते. तळघरात शिकवताना माझा आवाज चढला. भविष्यसरांनी बाबांच्या गच्चीचा फोटो पडद्यावर टाकला, त्यावर बाण काढले, आणि एक दिवस जाहीर केलं की ते स्वतः कॅमेरावाल्याला घेऊन येणार, "एका शिंप्याच्या घरात सूर्य" अशी छोटी फिल्म करणार, आणि ती दाखवून आणखी शाखा उघडणार.

फिल्मच्या दिवशी दुपारी मी आधीच पोचले. म्हटलं, खोली जरा आवरावी. बाबा दुकानदाराकडे अस्तर आणायला गेले होते. मशीनखाली चिंध्यांचं गाठोडं होतं, ते ओढलं तर जड लागलं. आत चार्जर होता. गॅरेजमध्ये मोटारीच्या बॅटऱ्या भरायला असतो ना, तसला, चांगला गुरगुरत होता. एक वायर भिंतीतल्या प्लगमध्ये, दुसरी सरळ माझ्या बॅटरीला.

मला क्षणभर काही कळेचना. मग कळलं. दिवसा वीज असते तेव्हा म्हातारा गुपचूप बॅटरी भरत होता. संध्याकाळी वीज गेली की तीच वीज माझ्या नावाने जळत होती.

मी शिडी लावून गच्चीवर गेले. भर दुपार, ऊन रणरणत होतं. फळ्यांच्या पाठीला हात लावला तर चटका बसला. पुढे जाऊन बघितलं तर त्यांच्या तोंडावर सावली. माझ्या चारही फळ्या सूर्याकडे पाठ करून बँकेत किती वाजले ते बघत उभ्या होत्या. सूर्य इकडे, घड्याळ तिकडे. एवढी कोट घातलेली माणसं गच्चीवर होती, आणि एकानेही मान वर करून आकाशात बघितलं नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

खाली आले तेव्हा बाबा दारात उभे होते, अस्तर काखेत. उघडं पडलेलं गाठोडं त्यांनी बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कार्यक्रमानंतर तीन-चार दिवसांत मंद झाला." ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "म्हटलं, ढग असतील."

"ढग नव्हते बाबा. मला का नाही सांगितलंत?"

"सगळ्या गल्लीला सांगून बसलो होतो," ते म्हणाले. "आणि तू इतकी खुशीत यायचीस. कसं सांगायचं? जाऊ दे ना. उजेड पडतोय ना, कुठूनही पडेना का."

दुसरी कोणी असती तर विरघळली असती. माझं टाळकंच सणकलं. मला रडू यायला लागलं की आधी राग येतो, आमच्या घरातली रीतच आहे ती.

"तुमच्या दुकानात इतके कारागीर होऊन गेले," मी म्हटलं. "एकाची तरी वाकडी शिवण तुम्ही सोडलीत? गिऱ्हाइकासमोर उसवायला लावायचात. माणसं रडायची, पण उसवायची. आणि माझंच काम तेवढं चिंध्यांखाली झाकून ठेवलंत. लहान पोरीने चित्र काढलं की वाकडंतिकडं असलं तरी भिंतीला लावतात, तसं. हिला काय जमणार, असंच ना? कारागीर समजला असतात तर त्याच दिवशी कान धरून वर पाठवलं असतंत."

बाबांनी अस्तर मशीनवर ठेवलं. तेवढ्यात दाराशी बूट वाजले. भविष्यसर, कॅमेरावाला आणि मागे मास्तर.

सरांनी वेळ घालवला नाही. बाबांना मशीनवर बसवलं, दिवा लावला, कॅमेरा सुरू केला. "आजोबा, सांगा, सूर्याचा दिवा कसा चाललाय?"

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "एकदम उत्तम. पोरीच्या हाताला गुण आहे."

जे ऐकायला मी अर्धं आयुष्य कान टवकारून बसले होते, ते त्यांनी बोलून दाखवलं, आणि तेही धडधडीत खोटं. ते गोड मानून घेणं मला जमलं नाही.

"सर, कॅमेरा बंद करा," मी म्हटलं. "हा दिवा सूर्यावर चालत नाही. माझ्या बाबांवर चालतोय." आणि मी चार्जर उचलून त्यांच्यासमोर ठेवला. पॅनल उलटी बसलीत, मीच बसवलीत, आपण सगळ्यांना घड्याळ शिकवलं आणि सूर्य शिकवायचा राहून गेला, हेही सांगून टाकलं. मास्तर तिथेच स्टुलावर बसले.  "म्हणजे आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी..." ते म्हणाले.

"घाबरू नका," मी म्हटलं. "त्यातलं कोणीच कधी छतावर गेलेलं नाही."

मला वाटलं, आता नोकरी जाणार. भविष्यसर चार्जरकडे बघत होते. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत तीच चमक आली.

"आजोबा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"गॅरेजवाल्याने," बाबा म्हणाले.

"बघितलंत?" सर आमच्याकडे वळले. "कौशल्य तळापर्यंत झिरपतंय. दिवसा विजेवर भरायचं, रात्री सूर्याच्या नावाने वापरायचं. याला हायब्रिड म्हणतात. येत्या काळात सगळं जग हायब्रिडकडे जाणार आहे. आपण नवा अभ्यासक्रम काढतोय. ताई, विभागप्रमुख तुम्ही. आजोबा, तुम्ही ज्येष्ठ प्रशिक्षक. वयाची अट नाही."

"आणि उलटी पॅनल?" मी विचारलं.

ते खिडकीशी गेले, समोर बघितलं, जरा विचार केला. "बँकेशी बोलून बघू," ते म्हणाले. "घड्याळ सूर्याच्या बाजूला लावता येईल का."

मी हसले की ओरडले, मला आठवत नाही. पण बाबांनी मशीनवरून हात उचलला.

"मला काही शिकवायचं नाही," ते म्हणाले. "मला संध्याकाळी काज करायला उजेड हवाय. तो चार्जर गॅरेजवाल्याला परत द्यायचाय." मग माझ्याकडे वळले. आवाज असा, की दुकानातले जुने कारागीर असते तर सुया टाकून उभे राहिले असते. "आणि तू इथे काय उभी आहेस? काम उलटं बसवून वर तोंड वाजवतेस? ऊन आहे तोवर वर जा. उसव सगळं."

मी कोट काढून सरांच्या हातात दिला. मला घाई होती, दुसरं काही दाखवायचं नव्हतं. सर म्हणाले, "अहो ताई, तुम्ही सोडलंत तर आमच्या शंभर टक्के नोकरीचं काय होणार?" मी म्हटलं, "लिहा, छतावर आहे."

मास्तर न बोलवता माझ्यामागे शिडी चढले. आम्ही चारही फळ्या सोडल्या, चौकट फिरवली. या वेळी मी आधी आकाशाकडे बघितलं, मग स्वतःच्या सावलीकडे, मग पुन्हा आकाशाकडे. घट्ट आवळलेल्या बोल्टांनी बोटं सोलली. खाली भविष्यसर कॅमेरावाल्याला सांगत होते की चार्जर जवळून घे, चिंध्यांसकट घे. औषधवाली दुकान सोडून रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. शेवटची फळी बसली तेव्हा मास्तरांनी टाळी वाजवली. "जमलं," ते म्हणाले. "एकदम झकास."

शिडी करकरली. बाबा वर येत होते, एका हाताने शिडी धरून, दुसऱ्याने धोतर सावरावं तसा पायजमा सावरत. मी धावले तर त्यांनी मला हातानेच बाजूला केलं. कठड्याला टेकून त्यांनी दम खाल्ला, चष्मा वर केला आणि एक डोळा मिटून फळ्यांच्या कडेने नजर टाकली, कोटाची बाही बघतात तशी. बराच वेळ बघितलं.

"तिसरी खाली आलीय," ते म्हणाले. "बोटभर."

"आजोबा, तेवढ्याने उजेडात काही फरक पडत नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला कोणी विचारलं?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, कपाळाला आठ्या घालून, "दिसत नाही का तुला? असं काम देतात का गिऱ्हाइकाला? उसव. पुन्हा लाव."

माझे डोळे भरून आले, समोरचा बोल्ट दिसेना. पण ते तिथेच उभे होते आणि त्यांची नजर माझ्या हातांवर होती, म्हणून मी नाक पुसलं आणि तिसरी फळी सोडायला घेतली.